अब्बांच्या फोनमधली शाळा

घरात फोन एक आणि शिकणारी मुले तीन, हा हिशेब आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. अब्बा दिवसभर कामावर असतात आणि फोन त्यांच्याबरोबर असतो. रिक्षा असो, फळांची गाडी असो की कारखान्यातली पाळी, गिऱ्हाइकाचा किंवा मुकादमाचा फोन चुकवून चालत नाही. रात्री ते जेवायला बसतात तेव्हा कुठे तो मुलांच्या हाती येतो. पहिली वीस मिनिटे दहावीतल्या आपाची, पुढची पंधरा सातवीतल्या भावाची, आणि धाकटीची पाळी येईपर्यंत बॅटरी लाल झालेली असते.

या वीस मिनिटांना आम्ही शिक्षक फार किंमत देतो. शाळेने सांगितलेले अभ्यासाचे अ‍ॅप नेमके त्याच वेळी उघडले नाही, मध्येच बंद पडले किंवा सोडवलेली उत्तरे गिळून बसले, तर त्या मुलीचा त्या दिवसाचा अभ्यास बुडाला. ज्याच्याकडे स्वतःचा फोन आहे, घरी वायफाय आहे, तो अ‍ॅप पुन्हा उघडतो आणि पुढे जातो. ज्याला वेळ मोजून मिळतो त्याला दुसरी संधी थेट उद्या रात्रीच. म्हणून या महिन्याच्या सदरात अ‍ॅपमधले धडे चांगले की वाईट हा विषय आम्ही बाजूला ठेवला आहे. अ‍ॅप भरवशाचे कसे राहते, त्यासाठी ते बनवणाऱ्यांनी काय करायला हवे आणि घरी-शाळेत आपल्याला काय करता येईल, एवढेच पाहू.

आम्ही सॉफ्टवेअर लिहिणारे नाही. पण आमची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात याच कामात आहे. सुट्टीत घरी आली की आमच्या शंकांची उत्तरे देते. पुढचा तांत्रिक भाग समजून घ्यायला तिची मदत झाली.

दोष कोणाच्या माथी?

अ‍ॅप बंद पडले की मोठा माणूस अ‍ॅपला नावे ठेवतो. मूल स्वतःला दोष देते. ‘सर, माझ्याकडून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं,’ हे वाक्य आम्ही वर्गात अनेकदा ऐकले आहे. दोन-तीनदा असे झाले की मूल ते अ‍ॅप उघडायचेच टाळते आणि घरच्यांना वाटते, अभ्यासाचा कंटाळा आला.

दुसरे नुकसान शाळेत होते. शिक्षकाच्या पडद्यावर त्या मुलीच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा दिसतो. या एका शब्दामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. तिने चाचणी सोडवलीच नाही. सोडवली पण उत्तरे शाळेपर्यंत पोहोचली नाहीत. किंवा सोडवता सोडवता अ‍ॅप बंद पडले. यंत्र तिन्हींना एकच शिक्का मारते. म्हणून आमच्या शाळेत सर्वांनी मिळून एक नियम केला आहे: ‘अपूर्ण’ दिसले तर आधी मुलाला विचारायचे, मग बोलायचे. कुणालाही करता येईल इतका हा साधा उपाय आहे. पण मूळ काम अ‍ॅप बनवणाऱ्यांचे आहे, आणि ते नीट करता येते.

मध्येच कुणाचा फोन आला तर

मुलगी चाचणीचा सातवा प्रश्न सोडवत असते आणि अब्बांना फोन येतो. अब्बा पाच मिनिटे बोलतात. फोन परत तिच्या हाती येतो तेव्हा चाचणी पहिल्या प्रश्नावर जाऊन बसलेली असते. हा प्रकार बहुतेक घरांत घडलेला आहे. त्याचे कारण असे, की स्वस्त फोनमध्ये चालू कामापुरती असलेली स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, कमी असते. ती अपुरी पडू लागली की अँड्रॉइड पडद्यामागे गेलेली अ‍ॅप्स गुपचूप बंद करते. हा फोनचा बिघाड नव्हे, अँड्रॉइडची ती ठरलेली रीतच आहे. म्हणजे आपले अ‍ॅप कधीही बंद केले जाईल असे धरूनच बनवणाऱ्याने चालायला हवे. प्रत्येक उत्तर दिल्याबरोबर ते फोनमध्ये कायमचे लिहून ठेवले, तर अ‍ॅप पुन्हा उघडल्यावर मूल सातव्या प्रश्नावरच येते. चाचणी संपल्यावर सगळे एकदम लिहू, असे ज्यांनी ठरवले त्यांच्या अ‍ॅपमध्ये सहा उत्तरे हवेत विरतात.

पुढची पायरी म्हणजे ही उत्तरे शाळेपर्यंत पोहोचवणे. इथे जुनी मनीऑर्डर आठवावी. मुंबईहून गावी पैसे पाठवले की घरच्यांच्या सहीची पोचपावती परत यायची. ती हाती येईपर्यंत पाठवणारा निर्धास्त नसे. चांगले अ‍ॅप असेच वागते. नेट नसेल तर उत्तरे फोनमध्ये जपून ठेवते, नेट आले की पाठवते आणि पलीकडच्या सर्व्हरची पोच मिळाल्याशिवाय आपल्याकडची प्रत पुसत नाही. कधी उत्तरे पोहोचतात पण पोचपावती वाटेत हरवते. मग अ‍ॅप तेच पुन्हा पाठवते. अशा वेळी एकच चाचणी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून प्रत्येक चाचणीला स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. तो पाहून सर्व्हर ओळखतो, की ही आधीच आली आहे. मुलाने दिलेले उत्तर ही अमानत आहे, आणि ती सांभाळण्याची रीत इतकी सोपी आहे.

नेट नसतानाही शिकता यावे, हा विचार नवा नाही. आपल्या देशात ‘दीक्षा’ हा सरकारी मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, सुरू झाला. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड टिपला की त्या धड्याचे साहित्य उघडते, आणि ते फोनमध्ये उतरवून नंतर नेटशिवायही पाहता येते. परदेशात ‘लर्निंग इक्वालिटी’ या संस्थेने २०१२ साली खान अकादमीचे धडे नेटशिवाय चालतील अशी सोय केली आणि पुढे ‘कोलिब्री’ ही प्रणाली उभी केली. तिच्यात शाळेतला एखादा छोटा संगणक धडे साठवून ठेवतो आणि आसपासचे फोन, टॅब त्यालाच जोडले जातात. बाहेरचे नेट असो वा नसो, वर्ग चालू राहतो.

सरासरीत लपलेली मुले

एखादे अ‍ॅप वारंवार कोसळते आहे का, यावर गूगल प्ले स्टोअरची नजर असते. दिवसभरात अ‍ॅप वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्के किंवा त्याहून जास्त लोकांसमोर ते अचानक बंद पडले, तर गूगल ते वाईट वर्तन मानते. ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ हा संदेश आपण पाहिलेला आहे. पडद्यावर बोट लावल्यावर ५ सेकंदांत अ‍ॅपने काहीच हालचाल केली नाही तर तो येतो. त्याची मर्यादा ०.४७ टक्के आहे. या मर्यादा ओलांडणारे अ‍ॅप स्टोअरमध्ये मागे पडते.

एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण अ‍ॅप रोज एक लाख मुले वापरत असतील तर एक टक्का म्हणजे हजार मुले. त्यातही ही हजार मुले चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. ज्यांचा फोन जुना, ज्यांची साठवण भरलेली, ज्यांचे नेट कमजोर, त्यांच्याच नशिबी ते पुन्हा पुन्हा येते. म्हणजे सरासरी उत्तम दिसते आणि एका वस्तीतल्या मुलांचे अ‍ॅप रोज बंद पडत राहते. हे ओळखून गूगलने एक वेगळी मर्यादाही ठेवली आहे: कोणत्याही एका फोनच्या मॉडेलवर हे प्रमाण ८ टक्क्यांवर गेले, तर त्या मॉडेलच्या ग्राहकांना स्टोअरमध्ये इशारा दाखवला जाऊ शकतो.

आमच्या मते अभ्यासाच्या अ‍ॅपची खरी परीक्षा इथेच आहे. वर्गातल्या सर्वांत स्वस्त फोनवर ते कसे चालते, हे आधी विचारावे. बनवणाऱ्यांच्या टेबलावर महागडे नवे फोन असतात आणि कार्यालयात वेगवान नेट असते. तिथे सगळेच चालते. दोन-तीन जुने, भरलेले फोन मुद्दाम जवळ ठेवून, नेट कमी करून, मध्येच फोन लावून तपासणारे लोक चांगले.

उर्दूचे नुक्ते

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून हा मुद्दा जवळचा. अ‍ॅप उघडते, बंद पडत नाही, तरीही वाचता येत नाही, असे उर्दू माध्यमाच्या मुलांच्या बाबतीत होते. नस्तालीक लिपीत अक्षरे वरून खाली तिरकी उतरतात, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. इंग्रजीच्या मापाने ओळ आखली की वरचे नुक्ते कापले जातात. बे, पे आणि ते यांच्यातला फरक तर नुक्त्यांचाच आहे. ते कापले की मूल वेगळाच शब्द वाचते.

गणितात तर याहून मोठा घोटाळा होऊ शकतो. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे जाते, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे वाचले जातात. अ‍ॅपला ही दुहेरी चाल नीट सांगितली नाही, तर ‘५ - ३’ हे पडद्यावर ‘३ - ५’ असे उलटे उमटू शकते. मूल समोर दिसते ते सोडवते, त्याचे उत्तर चुकीचे ठरते, आणि गणित कच्चे असल्याचा शेरा त्याच्या नावे लागतो. मराठीतही ‘विद्यार्थी’सारख्या शब्दाचे जोडाक्षर तुटून हलन्त लटकलेला दिसतो. भाषा जाणणाऱ्या शिक्षकाने एकदा खऱ्या फोनवर प्रत्येक पान डोळ्यांखालून घातले तर हे दोष आधीच सापडतात. शाळांनी अशी मदत देऊ करावी. यात आपला स्वार्थ आहे.

नवी आवृत्ती आणि बिर्याणीची देग

‘काल चालत होते, आज नाही,’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा नवी आवृत्ती असते. दोष दुरुस्त करायला नवी आवृत्ती लागतेच, पण तिच्याबरोबर नवा दोषही येऊ शकतो. यावरचा उपाय आपल्याकडच्या प्रत्येक भटारखान्याला ठाऊक आहे. देग उघडल्याबरोबर सगळ्या पंगतीला वाढत नाहीत. आधी थोडी काढून चाखतात. अ‍ॅपची नवी आवृत्तीही अशीच आधी शंभरातल्या एक-दोघांना द्यायची, एक-दोन दिवस पाहायचे, मग दहा, मग पन्नास, मग सर्वांना. मध्येच काही बिघडले तर वाटप तिथेच थांबवायचे. प्ले स्टोअरमध्ये ही सोय आहे.

ही सावधगिरी न पाळल्यास काय होते ते जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीने संगणकांच्या सुरक्षेसाठीची एक सदोष फाइल एकाच वेळी सर्वत्र पाठवली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक कोसळले होते. विमाने थांबली, रुग्णालयांची कामे अडली. चूक लहान होती. ती सगळ्यांना एकदम वाढली गेली, म्हणून नुकसान एवढे झाले. त्यानंतर अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे कंपनीने जाहीर केले.

परीक्षेच्या आदल्या रात्री

‘आमची सेवा ९९.९ टक्के वेळ चालू असते,’ असे कंपन्या सांगतात. हिशेब करून पाहू. वर्षाचे तास ८,७६०. त्यातला ०.१ टक्का म्हणजे सुमारे पावणेनऊ तास. ९९ टक्के म्हटले तर साडेतीन दिवसांहून जास्त. हे तास मेच्या सुट्टीत आले तर कुणाला कळणारही नाही. पण अ‍ॅप बंद पडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती सगळे एकदम येतात तेव्हा, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा गृहपाठाच्या शेवटच्या तासाला.

तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. रेशन दुकानाचे शटर बंद दिसले की रांगेतले सगळे एकदम दार वाजवू लागतात आणि आतल्या माणसाला दार उघडणेच मुश्कील होते. सर्व्हरचेही तसेच आहे. उत्तर आले नाही की हजारो फोन दर सेकंदाला पुन्हा विचारू लागले, तर सावरत असलेला सर्व्हर पुन्हा बसतो. म्हणून शहाणे अ‍ॅप एक सेकंद थांबते, मग दोन, मग चार, मग आठ. आणि प्रत्येक फोनची वेळ थोडी पुढे-मागे ठेवते, म्हणजे सगळे एकदम दार ठोठावत नाहीत. मुलांनाही हे सांगावे. चक्र फिरत असताना बटण दहा वेळा दाबून काम लवकर होत नाही.

आम्ही शिक्षक इथे एक उपाय करू शकतो. सर्वांना रात्री ९ची एकच शेवटची वेळ देण्यापेक्षा दोन दिवसांची मुदत द्यावी. गर्दी पांगते, आणि ज्या घरी फोन उशिरा येतो त्या घरालाही न्याय मिळतो.

घरी काय करावे

फोनमध्ये थोडी जागा नेहमी मोकळी ठेवा. ‘शुभ सकाळ’चे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ यांनी साठवण भरली की मुलाचे उत्तर लिहायला जागाच उरत नाही. धडे वायफाय मिळेल तिथे किंवा दिवसाचा डेटा शिल्लक असेल तेव्हा उतरवून ठेवा. नवी आवृत्ती सुट्टीच्या दिवशी घ्या, परीक्षेच्या आदल्या रात्री नको.

फोनची तारीख-वेळ आपोआप जुळेल अशी ठेवा. ती चुकली तर सुरक्षित जोडणी होत नाही आणि अ‍ॅप उगाच ‘नेट नाही’ म्हणत राहते. बॅटरी बचत सतत चालू असेल तर पडद्यामागून उत्तरे पाठवण्याचे काम रखडते. चाचणी झाल्यावर अ‍ॅप मिनिटभर उघडे ठेवा.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. अ‍ॅप अडले की काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतात. न पाठवलेली उत्तरे फोनमध्येच असतील तर अ‍ॅपबरोबर तीही जातात. सेटिंगमध्ये ‘कॅश साफ करा’ आणि ‘डेटा साफ करा’ अशी दोन बटणे असतात. पहिल्याने सहसा नुकसान होत नाही, दुसऱ्याने सगळे पुसले जाते. मुलांना हा फरक दाखवून द्या.

आणि बिघाड झाला तर कळवा. ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढ्यावरून दुरुस्त करणाऱ्याला काहीच कळत नाही. फोन कोणता, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, किती वाजता झाले, कोणत्या धड्यात, त्याआधी काय दाबले, आणि पडद्याचा फोटो, इतके लिहिले की काम सोपे होते. हे लिहायला मुलालाच बसवा. नेमके निरीक्षण नेमक्या शब्दांत मांडणे हाही अभ्यासच आहे, आणि दोष आपला नव्हता हे लिहिता लिहिता त्याच्या ध्यानात येते.

पालकसभेत विचारायचे पाच प्रश्न

शाळा एखादे अ‍ॅप सुचवते तेव्हा पालकांनी संकोच न करता विचारावे. नेट नसताना धडा आणि चाचणी चालते का? मध्येच फोन आला तर उत्तरे राहतात का? किती जुन्या आणि स्वस्त फोनवर, कोणकोणत्या भाषांत ते तपासले आहे? बिघाड कळवायचा कुणाला, आणि उत्तर किती दिवसांत मिळते? अ‍ॅप बंद असेल त्या दिवशी वहीवर केलेला गृहपाठ धरला जाईल का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सभेतच मिळू शकतात. हजर असलेल्यांतला सर्वांत साधा फोन मागून घ्या. त्यावर धडा उतरवून चाचणी उघडा, विमान मोड लावा आणि तीन प्रश्न सोडवा. मग विमान मोड काढून शेजारच्याने त्या फोनवर फोन करावा आणि मिनिटभर बोलावे. नंतर अ‍ॅप पुन्हा उघडा. तिन्ही उत्तरे जागच्या जागी असतील तर ते अ‍ॅप मुलांच्या हाती द्यायला हरकत नाही. नसतील तर ते दुरुस्त होईपर्यंत गृहपाठ वहीतच द्यावा, हे शाळेला तिथेच सांगा.